ठराव मागा

मराठी व्याकरणात आठ विभक्त्या आहेत. त्यांतल्या सात मी नोकरीभर बिनबोभाट वापरल्या. आठवी, म्हणजे संबोधन, मला कधीच जमली नाही. कोणाला हाक मारायची म्हटलं की माझा घसा बसतो. एसटी डोळ्यांदेखत सुटली तरी 'ओ, थांबा' असं ओरडणं माझ्याच्यानं होत नाही. मी नुसता हात वर करतो, आणि ड्रायव्हरला वाटतं मी त्याला निरोप देतोय. वर्गात पोरं दंगा करू लागली की मी फळ्याकडे तोंड करून समास सोडवत बसायचो. अशा माणसानं तेलगावात स्वसंरक्षण शिकवायला घ्यावं, हे लिहितानासुद्धा मला खोटं वाटतंय. वाचणाऱ्याला वाटलं तर त्याची चूक नाही.

झालं असं. आमची नात वैष्णवी रोज धारूरला कॉलेजला जाते. फाट्यावर एसटीची वाट बघताना कोणीतरी तिच्यासमोर मोटारसायकल आडवी लावतो, ही गोष्ट माझ्या मुलाच्या, अंगदच्या, कानावर आली. अंगदचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आवाजाच्या बाबतीत माझ्या वाटणीचं सगळं त्यालाच मिळालंय.

"कोण हाय त्यो?" त्यानं जेवता जेवता विचारलं.

"माहीत न्हाई, पप्पा," वैष्णवी ताटाकडे बघत म्हणाली.

"माहीत न्हाई कसं? रोज येतो म्हणत्यात लोकं."

"हेल्मेट असतं."

तेलगावात हेल्मेट घालणारा माणूस शोधून काढणं अवघड नाही, कारण तसा कोणी नाही. पोरगी खोटं बोलत होती हे मला कळलं, अंगदलाही कळलं. त्यानं भाकरी ताटात टाकली.

"मंग कॉलेज बंद. लई झालं शिक्षण. माजलगावचं स्थळ अजून हाय, मी उद्या फोन लावतो."

वैष्णवीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, आजीकडे नाही. सगळ्या घरात जो सगळ्यांत कुचकामी, त्याच्याकडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकवीन तिला. स्वतःचं रक्षण कसं करायचं ते."

"तुमी?" अंगद म्हणाला. "काय शिकविणार, नाना? समास?"

आमच्या सौ. वत्सलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या हसायला गेल्या की रडायला, हे मला लग्नापासून कधी ओळखता आलेलं नाही.

मी हवेत बोललो नव्हतो, हे सांगायला हवं. माझ्याकडे पुस्तक होतं. बीडला एकदा किलोवर पुस्तकं विकत होते, तेव्हा काटा बरोबर भरावा म्हणून दुकानदारानं वरून टाकलेलं. क्राव मागा नावाच्या आधुनिक युद्धकलेवरचं, एका निवृत्त फौजदारानं लिहिलेलं. मी ते तेव्हाच वाचून काढलं होतं; मी काहीही वाचतो, खताच्या पोत्यावरच्या सूचनासुद्धा. त्यात पदकं नाहीत, पट्टे नाहीत, वाकून नमस्कार नाहीत. तत्त्वं साधी. आजूबाजूला लक्ष ठेवा. अंतर राखा. मोठ्यानं ओरडा, म्हणजे समोरचा दचकतो आणि साक्षीदार जमतात. टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर बचाव आणि वार एकाच वेळी करा, तोही सगळ्यांत नाजूक जागी. आणि मोकळीक मिळाली की निघून जा. पळणं म्हणजे हरणं नव्हे. हे शेवटचं तत्त्व वाचून मला फार बरं वाटलं होतं. मी ते जन्मभर पाळत आलो होतो.

अंगदनं मला पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. "आन् घरात न्हाई दावायचं. आपल्या आज्याला कोणीबी पाडंल. चार लोकांत दावा. पटलं तर कॉलेज, न्हाई पटलं तर सोमवारपसून घरी."

आमची शिकवणी गच्चीवर सुरू झाली. पहिली अडचण भाषेची आली. फौजदारांनी नाजूक जागांची नावं फौजदारी भाषेत लिहिलेली. ती नातीसमोर उच्चारायची कशी? शेवटी मी व्याकरणाला शरण गेलो. डोळे म्हणजे प्रथमा, नाक द्वितीया, गळा तृतीया, असं करत खाली खाली जात, जिथं गुडघा मारायचा ती जागा सप्तमी. वैष्णवी शास्त्र शाखेची असूनही तिनं हे एका दिवसात पाठ केलं.

"आन् संबोधन, नाना?"

"ते ओरडायचं. पोटातून. एका दमात. त्यात 'जरा' नाही, 'प्लीज' नाही. 'मागं सर!'"

तिनं श्वास भरला आणि गच्ची हलेल अशी आरोळी ठोकली. "मागं सर!"

मी मागं वळून बघितलं. माझी चूक नाही. अख्खं गाव मला 'सर' म्हणतं. 'मागं, सर' असं कोणी ओरडलं की मागून टेम्पो येत असणार, असंच मला वाटणार. दुसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा मी अंग चोरून बाजूला झालो. तिसऱ्यांदा शेजारच्या दगडाबाई जिना चढून वर आल्या, आणि सरांच्या मागं नेमकं काय लागलंय म्हणून विचारू लागल्या.

दगडाबाई माझ्याहून मोठ्या आहेत आणि त्यांना कशाचंच भय नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "येवढं कशापायी करता? गोफण द्या पोरीला. ज्वारीवरची पाखरं हाकता येत्यात, तर ह्यो एक कावळा हाकता येईना का?"

गोफण दप्तरात मावत नाही आणि एसटीत फिरवता येत नाही, असं मी समजावलं. मग त्यांनी तिखटाची पुडी सुचवली. ती वैष्णवीच्या दप्तरात नाही, माझ्याच सदऱ्याच्या खिशात राहिली, आणि वत्सलाबाईंनी सदरा भिजत घालण्याआधी झटकला. त्या संध्याकाळी आमच्या घरात वाऱ्याच्या दिशेनं जो जो बसला होता, त्याचा बचाव कुठल्याही युद्धकलेला करता आला नसता.

मनगट सोडवायचा धडा मात्र जमला. समोरच्याची पकड जिथं त्याचा अंगठा असतो तिथं कच्ची असते. हात नेमका तिकडून झटक्यानं ओढायचा. मी पकडायचो, वैष्णवी सोडवायची. दोन दिवसांत ती इतक्या सफाईनं सोडवू लागली की मला स्वतःविषयीच शंका येऊ लागली. मी म्हातारा, घाबरट. माझं मनगट पकडणं ते काय पकडणं? खरा माणूस असाच सोडेल का? मी तिला खोटा धीर तर देत नाहीये ना?

तिसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन तिच्यामागोमाग फाट्यावर गेलो आणि रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो. लाल मोटारसायकल आली. हेल्मेट अर्थातच नव्हतं. तो लखन होता, अर्जुनरावांचा पुतण्या. त्यानं गाडी तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर आडवी घातली आणि काही न बोलता आरशात केस विंचरू लागला. बाकीचे लोक एकाएकी रस्त्याच्या लांबच्या टोकाकडे बघू लागले. वैष्णवी दप्तर छातीशी धरून उभी होती. आणि मी? मी रसवंतीचं दरपत्रक वाचत होतो. दोनदा वाचलं.

आता मला कळलं ती नाव का सांगत नाही ते. ऊसतोडीच्या टोळ्या अर्जुनरावांच्या शब्दावर हलतात. कोणाचा फड आधी तुटायचा आणि कोणाचा उन्हात वाळायचा, हे त्यांच्या मनावर. आमचा ऊस शेतात उभा होता. नाव कळलं असतं तर अंगद काठी घेऊन गेला असता. मग ऊस वाळला असता, पोलिसांत प्रकरण गेलं असतं आणि सगळ्याचं खापर फुटलं असतं ते तिच्या कॉलेजवर. म्हणून पोरगी गप्प. तिनं मला रसवंतीपाशी बघितलं होतं. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "नाना, पप्पांना सांगू नका." मी मान हलवली. गप्प बसणं हे एकच काम मला नीट येतं.

प्रात्यक्षिकासाठी ग्रामपंचायतीचं सभागृह हवं होतं. ग्रामसेवकांनी अर्ज वाचून विचारलं, "कार्यक्रम धार्मिक का राजकीय?"

"दोन्ही नाही. क्राव मागा आहे."

"मागा? कोणाकडं मागा?"

"मागायचं काही नाही. ते नाव आहे."

"नाव? कोणाचं, पाहुण्यांचं? मंग आधार कार्ड जोडा."

मी समजावलं की ती युद्धकला आहे. हे सांगायला नको होतं. मग त्यात शस्त्र आहे का, नसेल तर हात हे शस्त्र धरायचं का, धरलं तर जमादारांना कळवायचं का, असे प्रश्न निघाले. शेवटी चौकात ठळक फलक लावायचा, म्हणजे नंतर कोणी 'आमाला कळविलं न्हाई' म्हणू नये, या अटीवर सभागृह मिळालं.

फलकाचा मजकूर मी सुवाच्य अक्षरांत लिहिला: 'क्राव मागा. आत्मरक्षण वर्ग. रविवारी सकाळी प्रात्यक्षिक. मुलींनी व पालकांनी उपस्थित राहावे.' तो रामेश्वर या माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे दिला. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. शनिवारी रात्री त्यानं तो परस्पर चौकात लावला. मला तो दिसला रविवारी सकाळी, सभागृहाकडे जाताना.

'ठराव मागा! आरक्षण वर्ग.' खाली माझा हात जोडलेला फोटो, पाठीमागे उगवता सूर्य आणि वळलेली मूठ. 'सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.'

मी तिथंच कट्ट्यावर बसलो. रामेश्वरला फोन लावला.

"सर, 'क्राव' असा शब्दच न्हाई मराठीत," तो अभिमानानं म्हणाला. "तुमीच शिकविलंय की, शंका आली का शब्द दुरुस्त करा. आन् फोटो मोठा केल्यावर 'त्म' बसंना. मी म्हणलं, एका 'त्म'नं काय होतंय?"

एका 'त्म'नं काय होतं ते आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. गेली काही वर्षं या एका शब्दावरून शेजारी शेजाऱ्याच्या दुकानात जायचा थांबलाय. मी सभागृहापाशी पोचलो तेव्हा डावीकडे एका रंगाचे गमछे बसले होते आणि उजवीकडे दुसऱ्या. मध्ये एक माणूस जाईल एवढी मोकळी वाट, आणि तीतून कोणी जात नव्हतं. दाराशी पोलिसांची जीप. ज्या चार मुली आणि त्यांच्या आया यायच्या होत्या, त्या गर्दी बघून केव्हाच परत गेल्या होत्या. दगडाबाई तेवढ्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आणि मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, अंगद.

"सर," जमादार माझ्या कानाशी म्हणाले, "तुमी कोणच्या बाजूचे?"

"व्याकरणाच्या," मी म्हणालो. विनोद करायचा नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही.

मी व्यासपीठावर चढलो. वैष्णवी माईक धरून उभी होती. सुरुवात तिनं करायची ठरलं होतं. "सर, ठराव वाचा!" डावीकडून आवाज आला. "आदी बाजू सांगा!" उजवीकडून. कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि त्या आवाजानं दोन्हीकडची माणसं निम्मी उठली. फलक चुकलाय, एवढे दोनच शब्द मला बोलायचे होते. मी तोंड उघडलं. आतून हवासुद्धा आली नाही. या रविवारी पटलं नाही तर सोमवारी कॉलेज बंद, आणि इथं तर आता पटवायचं काय तेही उरलं नव्हतं.

तेवढ्यात अर्जुनराव आले. ते आले की आपोआप वाट होते. दोन्हीकडे नमस्कार करत ते पुढच्या खुर्चीवर बसले, आणि त्यांच्यासाठी माईक घ्यायला व्यासपीठावर चढला तो लखन.

"सर, तुमी बसा की गप," तो मला म्हणाला. मग वैष्णवीकडे वळून, आवाज खाली आणून, "आण त्यो माईक. फाट्यावर तर मान वर करीत न्हाईस, आन् हितं भाषण?"

आवाज त्यानं खाली आणला होता. पण माईक चालू होता.

मागच्या भिंतीपाशी हाताची घडी सुटलेली मला दिसली. लखननं आणखी एक पाऊल टाकलं. वैष्णवीनं माईक डाव्या हातात घेतला, उजवा पंजा पुढे धरला, आणि पोटातून, एका दमात ओरडली,

"मागं सर!"

मी मागं सरलो. आठवडाभराची सवय. व्यासपीठ अरुंद आहे हे तेव्हा लक्षात आलं, जेव्हा पायाखाली व्यासपीठ नव्हतं. मी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीवर जाऊन पडलो आणि चळत माझ्यावर. हशा झाला. लखन मात्र सरला नव्हता. तो हसत होता, आणि हसता हसता त्यानं तिचं मनगट धरलं.

अंगठ्याच्या बाजूनं. एक झटका, आणि हात मोकळा. त्याच क्षणी तिनं माईकचा हात त्याच्या छातीवर टेकवून अंतर घेतलं आणि गुडघा उचलला. खऱ्या माणसाची पकड सुटली होती. पण गुडघा तिथंच, हवेत, थांबला. तिनं वळून खुर्च्यांच्या ढिगाकडे बघितलं.

"नाना, सप्तमी?" सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"आज तर एकादशी हाय," दगडाबाई म्हणाल्या.

लखन दचकून दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला होता. आता मारलं तर ते रक्षण राहणार नव्हतं. "नको!" मी खुर्चीच्या पायांतून म्हणालो. "संबोधन!"

तिनं पाय खाली ठेवला. माईक तोंडाशी नेला.

"लखन! फाट्यावर रोज माझ्यापुढं गाडी आडवी लावतोस, ती उद्यापसून लावायची न्हाई. आन् मागं सर!"

यावेळी तो सरला. पण गोष्ट तिथं संपली नाही. खरी भीती तिथं सुरू झाली. मधल्या मोकळ्या वाटेतून लोखंडी खुर्ची डोक्यावर धरून अंगद पळत येत होता. अर्जुनरावांची माणसं उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून दुसरे गमछे उभे राहिले, आणि ते उठले म्हणून बाकीचे. जमादारांनी शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजेना. ती खुर्ची खाली आली असती तर लखनचं डोकं फुटलं असतं, मग सभागृह, मग गाव. आणि जन्मभर सगळे म्हणाले असते, हे सगळं एका पोरीच्या कॉलेजपायी झालं.

मी ढिगातून कसा उठलो मला माहीत नाही. चष्मा नव्हता. समोर येणारी धूसर आकृती माझ्या मुलाची होती. 'अंगद, जरा थांबतोस का' असं वाक्य नेहमीप्रमाणे तयार झालं. मी त्यातलं 'जरा' काढलं. 'का' काढलं. उरलं ते पोटातून बाहेर आलं.

"अंगद! मागं सर!"

तो आवाज माझा आहे हे मला उशिरा कळलं. जमादार दोन पावलं मागं गेले. रामेश्वर कुठूनतरी येऊन उभा राहिला होता, तो एकदम खाली बसला. आणि अंगद थांबला. खुर्ची डोक्यावर तशीच. पन्नाशीला आलेल्या माझ्या मुलानं बापाचा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"तिनं तिचं काम केलंय," मी म्हणालो. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, पण आता सगळे गप्प होते म्हणून पुरला. "ती मारू शकत होती, तिनं मारलं नाही. आता तू मारलंस तर तिचं सगळं वाया जाईल. खुर्ची खाली ठेव."

त्यानं ठेवली. आणि काय करावं न कळून तीवरच बसला.

अर्जुनराव मुरलेले गृहस्थ. दोन्ही रंगांचे गमछे आपल्याकडे बघतायत हे त्यांनी बरोबर ओळखलं. पुतण्याकडे न बघता ते म्हणाले, "लखन, घरी चल, मंग बोलू." आणि मला, गोड आवाजात, "सर, ठराव मांडायचा म्हणला होता ना? मांडा. आमी बसलोत."

ठराव! मी जे मागितलंच नव्हतं ते माझ्यापुढे आलं होतं. "फाट्यावर प्रवाशांपुढं कोणी मोटारसायकल लावू नये," मी म्हणालो. डावीकडचे हात वर गेले. उजवीकडचे, डावीकडच्यांकडे संशयानं बघत, वर गेले. ग्रामसेवक घाईनं पुढे आले आणि ही ग्रामसभा नसल्यानं हा ठराव धरता येणार नाही असं सांगू लागले. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. आमचा ऊस अजून उभा आहे. 'टोळी कधी येणार?' विचारलं की 'बघू' असं उत्तर येतं, आणि तुरे दिवसेंदिवस पांढरे होत चाललेत. तो फ्लेक्स वत्सलाबाईंनी कडब्यावर टाकलाय. रस्त्यानं जाणारा एखादा अजूनही गाडी थांबवून 'पुढची सभा कधी?' म्हणून विचारतो. आणि मी त्या दिवशी खरंच ओरडलो की घाबरून माझी किंकाळी फुटली, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

अंगद त्या रविवारी घरी आला, जेवला, झोपला. सोमवारी सकाळी वैष्णवी दप्तर घेऊन निघाली तेव्हा तो उंबऱ्यात उभा होता, दोन्ही हात चौकटीला लावून, अख्खं दार भरून. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. एक ओळ वाचली असेल तर शपथ. मग उठून उभा राहिलो.

"मी येतो फाट्यापत्तूर," तो म्हणाला. "कोण काय करतंय बघतो."

"न्हाई, पप्पा."

तो हलला नाही. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "मागं सरा."

अंगद तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं चौकटीवरचे हात काढले आणि तो सरला. सवयीनं मीही सरलो.